वाचक विचारतात : इंग्रजीतून गॅलिशियन, तेही बंदर-वाहतुकीचे काम

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातला गॅलिशिया प्रांत म्हणजे बीगो, आ कोरुन्या, फेरोल, मारीन, बिलागार्सिआ अशा बंदरांचा किनारा. तिथली मासळी, ग्रॅनाइट आणि बीगोच्या कारखान्यातून जहाजांवर चढणाऱ्या मोटारी यांच्याभोवती बराच कागद फिरतो आणि त्यातला काही कागद गॅलिशियन भाषेत लागतो. त्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : पुण्यात आमची छोटी अनुवाद संस्था आहे. एका ग्राहकाला प्रवासी बोटीवरच्या सूचना, तिकीट यंत्रावरचा मजकूर आणि धक्क्यावरच्या पाट्या इंग्रजीतून गॅलिशियनमध्ये हव्या आहेत. आमच्याकडे चांगले स्पॅनिश अनुवादक आहेत. त्यांच्याकडून करून घेतले तर चालेल का? नाहीतर माणूस शोधायचा कुठे?

उत्तर : चालणार नाही. गॅलिशियन ही स्पॅनिशची बोली नाही. तिचे मूळ पोर्तुगीजशी जोडलेले आहे आणि 1981च्या स्वायत्तता कायद्यापासून ती गॅलिशियात स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा आहे. हिंदी उत्तम येते म्हणून एखाद्याला मराठी फॉर्म लिहायला बसवले की काय हाती येते, ते आपण काउंटरवर उभे राहून वाचतच असतो. शब्द मराठी आणि वाक्याचा सांगाडा हिंदी. गॅलिशियन वाचकाला स्पॅनिशच्या सावलीतला मजकूर असाच खटकतो आणि पाटी सार्वजनिक असेल तर तक्रारही होते.

शोधाची सुरुवात तिथल्या व्यावसायिक अनुवादक-दुभाष्यांच्या संघटनेपासून करा. तिचे संक्षिप्त नाव आगप्ती. दुसरे ठिकाण बीगो विद्यापीठ. तिथे भाषाशास्त्र आणि अनुवाद यांची विद्याशाखा आहे, गॅलिशियन ही मुख्य भाषा घेऊन तिथे अनुवादाची पदवी घेता येते, आणि गावच बंदराचे असल्याने तिथून बाहेर पडलेल्यांच्या कानावर गोदीतली भाषा पडलेली असण्याची शक्यता जास्त. तिसरा मार्ग प्रोझसारख्या अनुवादकांच्या जागतिक ऑनलाइन सूचींचा. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘वाहतूक’ आणि ‘जहाजे व नौकानयन’ ही दोन वेगळी विशेष क्षेत्रे म्हणून नोंदलेली असतात. बोटीचे काम पहिल्या सदरात शोधले तर ट्रक आणि गोदामवाले सापडतात आणि जहाजवाले दुसऱ्या सदरात राहून जातात. दोन्हीकडे शोधा. शिवाय अनेकांनी पंधरा-वीस क्षेत्रांवर खूण केलेली असते. ती खूण म्हणजे अनुभव नव्हे. ‘या दोन वर्षांत वाहतुकीचे कोणते मजकूर गॅलिशियनमध्ये केले, कोणत्या प्रकारच्या ग्राहकासाठी, साधारण किती शब्द?’ हा प्रश्न सरळ विचारा. ज्याने काम केले आहे तो दोन ओळींत नेमके सांगतो.

अपेक्षाही नीट ठेवा. इंग्रजीतून थेट गॅलिशियन ही बाजारपेठ लहान आहे आणि फक्त बंदराचेच काम गॅलिशियनमध्ये करणारा माणूस जवळजवळ मिळत नाही. मिळतो तो असा : बंदराचे काम स्पॅनिशमध्ये करतो आणि शुन्ता म्हणजे प्रांतिक सरकार, नगरपालिका, संग्रहालये यांचे काम गॅलिशियनमध्ये करतो. असा माणूस उत्तम. त्याच्या जोडीला दुसरा गॅलिशियन तपासनीस घ्या. अनुवाद सेवांच्या आयएसओ 17100 या मानकातही अनुवादकाशिवाय दुसऱ्या व्यक्तीने मूळ मजकुराशी ताडून तपासणे बंधनकारकच आहे. एक जण भाषेचा पक्का आणि दुसरा गोदीचा पक्का, ही जोडी एकाच सर्वगुणसंपन्न माणसाच्या शोधात महिना घालवण्यापेक्षा बरी.

चौकशीच्या पहिल्याच मेलमध्ये शब्दसंख्या, फाइलचा प्रकार, मजकूर कुठे दिसणार (पाटी, पडदा, छापील पत्रक), मुदत आणि कोणते शुद्धलेखन हवे हे लिहा. शुद्धलेखनाचा मुद्दा क्षुल्लक नाही. सरकारी कामाला रिअल अकादेमिया गालेगाचे, म्हणजे गॅलिशियन भाषेच्या अकादमीचे, नियम लागतात आणि त्यांत 2003 मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून ‘सेवा’ या अर्थी सेर्विथो लिहितात. जुन्या सवयीने सेर्विथिओ लिहिणारा अनुवादक नियमांच्या मागे राहिला आहे असे समजा. पोर्तुगीजच्या जवळ जाणारी वेगळी लेखनपद्धती वापरणारा एक गटही आहे. त्यांची भूमिका विचारपूर्वक घेतलेली आहे, पण बोटीच्या पाटीसाठी अधिकृत नियमच धरा.

प्रश्न : रत्नागिरीहून आम्ही गोठवलेला माकूल बीगोला पाठवतो. नव्या खरेदीदाराची पत्रे गॅलिशियनमध्ये येतात. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट हे सगळे गॅलिशियनमध्ये करून द्यावे लागेल का?

उत्तर : नाही, आणि त्यावर पैसे घालवू नका. जहाजाची कागदपत्रे इंग्रजीत चालतात, आणि कस्टम्स व सीमेवरच्या आरोग्य तपासणीत इंग्रजीखेरीज काही लागलेच तर ते स्पॅनिशमध्ये लागते. युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषांत गॅलिशियन नाही. पाकिटावरचे लेबल किमान स्पॅनिशमध्ये हवे, गॅलिशियन जोडले तर ते ऐच्छिक. रस्त्याने पुढे जाणाऱ्या मालाचेही तसेच. उदाहरणार्थ, धोकादायक मालाच्या रस्ता-वाहतुकीच्या एडीआर करारानुसार वाहतुकीचा कागद पाठवणाऱ्या देशाच्या अधिकृत भाषेत हवा, आणि ती इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन नसेल तर या तिघींपैकी एकीत सुद्धा.

तुमच्या खरेदीदाराला आपल्या भाषेतले पत्र आवडेल, हे खरे. एखादे परिचयपत्रक किंवा मालाचे माहितीपत्रक गॅलिशियनमध्ये करा. तिथे माकूल म्हणजे लूरा, स्पॅनिशमध्ये कालामार. आठपायी म्हणजे पोल्बो, स्पॅनिशमध्ये पुल्पो. मासळीच्या धंद्यात ही नावे नीट लिहिली की समोरच्याला लगेच कळते की कुणीतरी मन लावून काम केले आहे.

कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायला प्रमाणित अनुवाद लागला तर मात्र सावध राहा. स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेला शपथबद्ध अनुवादक स्पॅनिशसाठी असतो. गॅलिशियनसाठी शुन्ता वेगळी मान्यता देते. कोणत्या भाषेत हवा हे मागणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या, मगच काम द्या. आणि मूळ बिल ऑफ लेडिंगवर कुणालाही एक अक्षर लिहू देऊ नका. अनुवाद वेगळ्या कागदावर होतो, त्यात शिक्के, हाताने लिहिलेले शेरे, ‘शिक्का अस्पष्ट’ हेसुद्धा नोंदले जाते. कंटेनरचा क्रमांक (चार अक्षरे, सात अंक), सीलचा क्रमांक, एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या वर्गाचा क्रमांक), इन्कोटर्मची (खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कुणाची, हे सांगणाऱ्या संज्ञेची) तीन अक्षरे हे जसेच्या तसे राहते.

प्रश्न : गोव्यात पोर्तुगीज चांगले जाणणारी मंडळी आहेत. दोन्ही भाषा एकाच घरच्या म्हणतात. मग त्यांच्याकडून गॅलिशियन करून घेता येईल?

उत्तर : वाचून समजून घेण्यासाठी जरूर, लिहिण्यासाठी नको. मध्ययुगात दोन्ही भाषा एकच होत्या आणि पोर्तुगीज जाणणारा माणूस गॅलिशियन वर्तमानपत्र अडखळत का होईना, वाचतो. तुमच्याकडे आलेल्या पत्राचा मथितार्थ सांगायला अशा माणसाचा मोठाच उपयोग आहे. पण जवळच्या भाषेतच चूक लपते. कंटेनर पोर्तुगालमध्ये कोन्तेन्तोर, गॅलिशियनमध्ये कोन्तेदोर. क्रेन तिकडे गिन्दास्ते, इकडे गिन्दास्त्रे, फरक एका ‘र’चा. पोर्तुगीज आठवडा आकड्यांनी मोजतो, सोमवार म्हणजे ‘दुसरा’, शुक्रवार म्हणजे ‘सहावा’. गॅलिशियनच्या रोजच्या लेखनात लुन्स ते वेन्रेस चालते. वेळापत्रकात हा फरक प्रवाशाच्या अंगावर येतो.

प्रश्न : दोन अनुवादकांनी अर्ज केले आहेत. आम्हाला स्वतःला गॅलिशियन येत नाही. कोण बरा, हे ठरवायचे कसे?

उत्तर : चाचणी द्या, 250 ते 300 शब्दांची, आणि तिचे पैसे द्या. फुकट चाचणीला चांगले लोक वेळ देत नाहीत. पण चाचणीचा उतारा कुठूनही उचलू नका. त्यात मुद्दाम काही जागा पेरा, म्हणजे भाषा न येताही तुम्हाला उत्तर तपासता येईल.

पहिली जागा क्रियापदाची. इंग्रजीत ‘जहाज धक्क्याला लागले आहे’ अशा अर्थाचे पूर्ण वर्तमानकाळातले वाक्य घाला. गॅलिशियनमध्ये सहायक क्रियापद ‘आबेर’ लावून होणारा असा संयुक्त काळ नाहीच, साधा भूतकाळ येतो : ओ बुके चेगोउ. उत्तरात ‘आ चेगादो’ दिसले तर लिहिणारा मनात स्पॅनिश बोलत होता.

दुसरी जागा शब्दांची. धक्का म्हणजे पेइराओ (स्पॅनिश मुएये), रस्ता एस्त्रादा (स्पॅनिश कार्रेतेरा), जहाजाचे भाडे फ्रेते (स्पॅनिश फ्लेते), पत्ता एन्देरेथो (स्पॅनिश दिरेक्सिओन). माल चढवण्या-उतरवण्याला करारात दिलेली मुदत, म्हणजे लेटाइम, स्पॅनिश गोदीत प्लांचा तर गॅलिशियनमध्ये प्रांचा. फ्ल आणि प्लचा फ्र आणि प्र होणे ही या भाषेची ओळखच आहे. उलट प्रोआ, पोपा, बाबोर, एस्त्रिबोर, कालादो, एस्तिबा हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत. हे स्पॅनिश दिसतात म्हणून अनुवादकाचे गुण कापू नका. तपासनीसाकडून हा अन्याय वरचेवर होतो.

तिसरी जागा ‘स्प्रिंग’ या इंग्रजी शब्दाची आणि ती सर्वांत बोलकी. उताऱ्यात ट्रकच्या सस्पेन्शनमधली गुंडाळीची स्प्रिंग येऊ द्या. स्पॅनिशमध्ये तिला मुएये म्हणतात, आणि धक्क्यालाही मुएयेच म्हणतात. इंग्रजीतून यंत्राने स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून यंत्राने गॅलिशियन केले, की ट्रकच्या चाकावर ‘पेइराओ’, म्हणजे चक्क बंदराचा धक्का येऊन बसतो. बरोबर शब्द रेसोर्ते. ही एक चूक दिसली तरी मजकूर दोन उड्या मारून आला आहे, हे समजायला पुरेसे. जहाजाचे ज्ञान तपासायचे असेल तर आणखी एका वाक्यात जहाज धक्क्याला बांधण्याच्या दोरांपैकी ‘स्प्रिंग’ घाला. तो दोर आहे, लोखंडाची गुंडाळी नाही, हे जाणणारा माणूस जहाजाजवळ कधीतरी गेला आहे.

चौथी जागा मापांची. जहाजाचे ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नव्हे. ते बंदिस्त जागेच्या घनफळावरून 1969च्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सूत्राने काढलेले, एकक नसलेले मूल्य आहे, त्याला आर्केओ ब्रूतो म्हणतात. त्याला कुणी ‘एकूण वजन’ केले तर तो माणूस बंदरशुल्काच्या तक्त्याला हात लावण्याच्या लायकीचा नाही. मेट्रिक टन 1000 किलो, ब्रिटिश लाँग टन 1016 किलो, अमेरिकन शॉर्ट टन 907 किलो. मूळ मजकुरात नुसते ‘टन’ असेल तर चांगला अनुवादक अंदाज न बांधता तुम्हालाच विचारतो. प्रश्न विचारणाऱ्याला जादा गुण द्या. एकही शंका न काढता तासाभरात चाचणी परत करणाऱ्याकडे मी दोनदा बघेन.

‘कॅरियर’ हा शब्दही उताऱ्यात दोन अर्थांनी येऊ द्या. करारातला वाहतूकदार वेगळा आणि सुट्या मालाचे जहाज, म्हणजे बल्क कॅरियर, वेगळे. दुसऱ्याला गॅलिशियनमध्ये ग्रानेलेइरो म्हणतात.

शब्दांची खातरजमा करायला टर्मिगाल ही पारिभाषिक सेवा, सान्तिआगो विद्यापीठाचा संज्ञाकोश, अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश आणि बीगो विद्यापीठाचा क्लुवी हा समांतर मजकुरांचा संग्रह उपयोगी पडतो. अनुवादक यांपैकी काय वापरतो, हेही विचारून ठेवा.

प्रश्न : यंत्राने अनुवाद करून माणसाकडून नीट करून घेतले तर खर्च वाचेल का?

उत्तर : अंतर्गत अहवाल, जुना पत्रव्यवहार यांसाठी वाचेल. आयएसओ 18587 हे मानक अशाच कामासाठी आहे. सुरक्षेच्या सूचना आणि पाट्यांसाठी नको. तिथे वाक्ये चार-पाच शब्दांची असतात, आजूबाजूला संदर्भ नसतो, आणि यंत्र संदर्भाशिवायच सर्वांत जास्त चुकते. दुरुस्तीला लागणारा वेळ नव्याने लिहिण्याइतकाच होतो. त्यापेक्षा 60 ते 100 शब्दांची संज्ञासूची आधी पक्की करा, ग्राहकाकडून मंजूर करून घ्या आणि तिच्यावर काम चालू द्या.

फाइल पाठवताना भाषेचा कोड बघा. गॅलिशियनचा कोड जीएल. जीए टाकलात तर ती आयरिश होते. देशांच्या यादीत मात्र जीएल म्हणजे ग्रीनलँड, त्यामुळे देशाच्या रकान्यात ईएस, म्हणजे स्पेन, लिहा. अनुवाद सॉफ्टवेअर चुकीच्या कोडची फाइल निमूटपणे स्वीकारते आणि शब्दांची तपासणी भलत्याच कोशावर चालवते.

प्रश्न : पाट्या आणि वेळापत्रकाच्या मांडणीत काय सांभाळायचे?

उत्तर : जागा आणि आकडे. गॅलिशियन मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण 15 ते 25 टक्के लांबतो. तिकीट यंत्राच्या बटणावर 12 अक्षरांची मर्यादा असेल तर ती अनुवादकाला आधी सांगा, नंतर शब्द कापायला लावू नका.

आकड्यांत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला बिंदू किंवा मोकळी जागा. इंग्रजीतले 1,500 किलो तसेच राहिले तर तिथला माणूस दीड किलो वाचेल. आपल्याकडून जाणाऱ्या कागदात आणखी एक भर असते. 1,50,000 ही आपली लाखाची मांडणी युरोपात कुणाला कळत नाही, तिथे ती टंकनदोष वाटते. मूळ इंग्रजी फाइल पाठवण्याआधी ती 150,000 करा, पुढे अनुवादक तिथल्या पद्धतीने 150.000 करेल.

आता वेळापत्रक. स्पॅनिश वेळापत्रकात वारांची आद्याक्षरे देतात तेव्हा मंगळवार आणि बुधवार दोन्ही ‘एम’ने सुरू होतात म्हणून बुधवारला ‘एक्स’ लिहायची रूढी आहे. गॅलिशियनमध्ये गुरुवार म्हणजे शोवेस, आणि लिहिताना त्याचे पहिले अक्षरच ‘एक्स’. जुन्या स्पॅनिश तक्त्याचे शीर्षक बदलले आणि रकान्यातला ‘एक्स’ तसाच ठेवला, की बुधवारची बोट गुरुवारची वाचली जाते. बीगो आणि कांगास यांच्यामध्ये खाडी ओलांडून रोज कामाला जाणाऱ्याला ही चूक एका पाळीच्या पगाराला पडू शकते. म्हणून आद्याक्षरे नकोतच. लुन, मार, मेर, शोव, वेन, साब, दोम अशी तीन-तीन अक्षरे द्या.

छापण्यापूर्वी अंतिम पीडीएफ अनुवादकाकडे परत पाठवा. मांडणी करणाऱ्याच्या हातून ‘न्य’चे चिन्ह किंवा स्वराघात गळून पडतो आणि ते फक्त भाषा येणाऱ्यालाच दिसते. या शेवटच्या वाचनाचे पैसे आधीच दरात धरा.

प्रश्न : मुदत आणि पैसे कसे ठरवावेत?

उत्तर : चांगला अनुवादक दिवसाला 2000 ते 2500 शब्द करतो, पाट्यांच्या सुट्या शब्दांचे त्याहून कमी, कारण प्रत्येक शब्दाला संदर्भ शोधावा लागतो. तपासणी ताशी 1000 शब्दांच्या आसपास. 6000 शब्दांच्या कामाला तीन दिवस अनुवाद, एक दिवस तपासणी आणि शंकानिरसनाला एक दिवस धरा. पाट्या असतील तर ताशी दर किंवा ठोक रक्कम ठरवा, शब्दाच्या दराने त्यांचे काम कुणालाच परवडत नाही.

तिथला स्वतंत्र अनुवादक बहुधा ‘आउतोनोमो’, म्हणजे स्वयंरोजगारी, म्हणून नोंदलेला असतो. तुमच्या जीएसटी नोंदणीकृत संस्थेला परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, कर भरावा लागतो. दुहेरी करआकारणी कराराचा लाभ घ्यायचा असेल तर त्याच्याकडून करनिवासी प्रमाणपत्र लागेल. ते बिल आल्यावर मागितले तर पैसे अडकून पडतात, म्हणून काम देतानाच मागा आणि आपल्या सीएला दाखवा.

वेळेतला फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास. तुमच्या दुपारी दोन वाजता तिथे सकाळ असते, त्यामुळे शंकांचा मेल दुपारच्या जेवणाआधी गेला की उत्तर त्याच दिवशी हाती पडते. 17 मे हा गॅलिशियन साहित्याचा दिवस आणि 25 जुलै हा प्रांताचा दिवस, दोन्ही सुट्या. ऑगस्टमध्ये अर्धे लोक रजेवर असतात. ऑगस्टच्या मध्यावर संपवायचे काम असेल तर अनुवादक आणि तपासनीस दोघांच्याही तारखा जूनमध्येच पक्क्या करून घ्या.